भरावावर माती अंथरण्याआधी ढिगावरचे तण पाहा

पाऊस तोंडावर आला आहे, त्यामुळे खाणीच्या भरावावर (खणून काढलेल्या दगड-मातीच्या टेकाडावर) लागवड करणाऱ्यांनी खड्डे आणि रोपे यांच्याआधी बाजूला रचून ठेवलेल्या सुपीक मातीच्या ढिगाभोवती एक फेरी मारावी. खाणकामाच्या सुरुवातीला खरवडलेली ही माती वर्षानुवर्षे उघडी राहते, तिच्यावर गाजरगवत, घाणेरी, रानमोडी माजतात आणि बी धरतात, आणि पुढे तीच माती डंपरने साऱ्या भरावावर पसरली जाते. तण आपल्याच हाताने पेरले जाते आणि दोष मात्र जमिनीला दिला जातो. रोपे तणाखाली दबून गेलेली जेथे पाहिली, तेथे मूळ बहुतेक वेळा या ढिगातच सापडले.

भरावात सेंद्रिय कर्ब आणि नत्र नगण्य असतात, जड वाहनांनी थर दडपलेला असतो, आणि पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज असल्यास हवा-पाण्याच्या संपर्काने आम्ल तयार होऊन सामू (पीएच) ४ च्याही खाली जाऊ शकतो. अशा जागी गाजरगवत आपली वाढच आवरते. दगडांच्या फटीत ते चार बोटांचे असतानाच फुलावर आलेले दिसते, आणि चांगल्या मातीत त्याच जातीचे एक झाड १५,००० ते २५,००० बिया देते. उगवणीपासून फुलोऱ्यापर्यंत त्याला चार ते सहा आठवडे पुरतात. वेडी बाभूळ आणि सुबाभूळ मुळांवरील गाठींमुळे हवेतील नत्र मिळवतात, आणि तोडल्या तरी बुंध्यातून पुन्हा फुटतात. रानमोडीचे बी वाऱ्याने येते, तर घाणेरीचे पक्ष्यांच्या विष्ठेतून.

याहून गंभीर बाब नैसर्गिक निवडीची आहे, म्हणजे कठीण जमिनीत जे तगते त्याचेच बी पुढे जाते. तांबे-जस्ताच्या जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर काही गवतांच्या धातू सहन करणाऱ्या पिढ्या थोड्याच काळात तयार झाल्याचे सिद्ध झाले आहे. भरावावर तगलेल्या तणाला बी धरू देणे म्हणजे त्याच जमिनीला सरावलेले वाण राखून ठेवण्यासारखे आहे.

म्हणून पहिल्या सरींनंतर ढिगावरचे बी उगवू द्यावे आणि फुलोऱ्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटावे. पायथ्याशी व सावलीच्या बाजूला उगवण आधी होते, तेव्हा सुरुवात तेथून करावी. ढिगाचा वरचा चार बोटांचा थर खरवडून भरावाच्या तळाशी खोल गाडणे उपयोगी पडावे. हे शिफारशीत नाही, माझा अंदाज आहे. उपटणे अशक्य असेल तेथे ग्लायफोसेट या तणनाशकाचे १ ते १.५ टक्के द्रावण वापरता येते, मात्र ते गवतही मारते. गवत वाचवायचे असल्यास मेट्रिब्युझिन हे तणनाशक ०.३ ते ०.५ टक्के. दोन्ही लेबल आणि स्थानिक नियम पाहूनच वापरावीत. मिठाचे पाणी मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ज्या जमिनीत आधीच काही रुजत नाही तेथे क्षार वाढवणे शहाणपणाचे नाही.

नेहमीची कामे:
– सामू व विद्राव्य क्षारांची तपासणी; आम्लता असल्यास अहवालानुसार चुना
– दडपलेला थर खोल फोडणे
– उतारावर आडवे चर
– माती पसरताच ताग, धैंचा, स्टायलो या जमीन झाकणाऱ्या द्विदल पिकांची दाट पेरणी
– डंपरची चाके धुणे
– फक्त पूर्ण कुजलेले शेणखत

‘माती सुधारक’ नावाच्या महागड्या बाटल्या आणि भरपूर युरिया विक्रेता आग्रहाने गळ्यात मारील. नत्राचा असा एकदम दिलेला डोस सावकाश वाढणाऱ्या रोपांआधी तणच उचलते. ते पैसे आच्छादनाच्या बियाण्यावर आणि निंदणीच्या मजुरीवर खर्च करावेत.

गाजरगवताची उगवण एका पावसात संपत नाही, त्यामुळे ढिगावर आणि अंथरलेल्या मातीवर पावसाळाभर दर तीन आठवड्यांनी फेरी हवी. ढीग पुढच्या वर्षासाठी उरणार असेल तर त्याच्यावरही तागाचे दाट आच्छादन करावे. धातूंचा अंश असलेल्या भरावावरून उपटलेले तण जनावरांना घालू नये, आणि त्याचे कंपोस्ट भाजीपाल्याला वापरू नये.