सातारकरांसाठी केनिया : जंगल पाहायला निघण्यापूर्वी

कोयनेच्या दाट रानात तासन्‌तास थांबूनही जेमतेम एखादा गवा दिसतो, याची सवय असलेल्या सातारकराला मासाई माराचा मोकळा गवताळ माळ प्रथम खराच वाटणार नाही. टांझानियातील सेरेंगेटीमधून विल्डबीस्ट या गाईएवढ्या हरणवर्गीय प्राण्याचे प्रचंड कळप ताज्या गवताच्या शोधात साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात येथे येतात आणि मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. कळप केव्हा उतरेल हे कोणालाच सांगता येत नसल्याने चार अभयारण्यांची धावपळ करण्यापेक्षा मारामध्येच तीन-चार मुक्काम करावेत, आणि कळपाची वाट अडेल इतकी गाडी पुढे न्यायला चालकाला कधीही सांगू नये. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ टाळावा.

वेळ उरल्यास केनियातीलच ओल पेजेटा या संरक्षित वन्यजीव क्षेत्राला अवश्य जावे. २०१८ मध्ये सुदान हा शेवटचा नर दगावल्यानंतर उत्तरी पांढऱ्या गेंड्यांपैकी नाजिन आणि फातू या दोन माद्याच उरल्या असून, त्या तेथे सशस्त्र पहाऱ्यात राहतात.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निघण्यापूर्वी किमान १० दिवस आधी शासनमान्य केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्र नसल्यास परतताना मुंबईच्या विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते. प्रवासाची ऑनलाइन परवानगी आधीच काढावी. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तेथे २०१७ पासून बंदी आहे, त्यामुळे सामान कापडी पिशव्यांत भरावे. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर असल्याने जुलैतही स्वेटर लागतोच.