ब्लूज रॉक जोडीच्या नव्या अल्बमची परीक्षणं कशी वाचावीत

ब्लूज रॉक वाजवणाऱ्या जोडीचा (बहुधा एक गिटारवाला, एक ड्रमवाला) नवा अल्बम आला की दोन तक्रारी ठरलेल्या: 'फार गुळगुळीत झालाय' आणि 'तेच ते पुन्हा वाजवलंय'. कित्येकदा एकाच अल्बमवर दोन्ही आरोप होतात. त्यामुळे एकही परीक्षण उघडण्याआधी श्रेयनामावली वाचा. निर्माता कोण, बेस कुणी वाजवला, गाणी लिहायला बाहेरचं कोण होतं, एवढं बघितलं तरी पुरे.

द ब्लॅक कीज ही अमेरिकी जोडी याचं चांगलं उदाहरण. 'थिकफ्रीकनेस' (2003) हा अल्बम डॅन ऑअरबाख आणि पॅट्रिक कार्नी या दोघांनीच कार्नीच्या तळघरात 14 तासांत ध्वनिमुद्रित केला. 'डेल्टा क्रीम' (2021) ऐकताना तसाच रांगडा वाटतो, पण त्यात केनी ब्राउनची गिटार आणि एरिक डीटनचा बेस आहे. आवाज खडबडीत आहे म्हणजे दोघंच वाजवताहेत, हे गृहीत धरणारा समीक्षक इथेच चुकतो.

मग अल्बम दोनदा सलग ऐका. फोनच्या स्पीकरवर नको. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर साधारण 82 हर्ट्झचा स्वर येतो आणि ऑक्टेव्ह पेडलने (स्वर एक सप्तक सरकवणारं, पायाने चालवायचं उपकरण) तो खाली नेला की 41 हर्ट्झ. बेसिस्ट नसलेली जोडी खालची बाजू बहुतेक अशीच भरून काढते आणि फोनमधून नेमकी तीच गायब होते. मग 'आवाज पातळ आहे' हे म्हणणं खरं की खोटं, ते कसं ताडणार? आधीच्या अल्बमशी तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जो मोठ्याने वाजतो तोच आपल्याला सरस वाटतो. खटकलेल्या जागा मिनिट-सेकंदासह टिपून ठेवा.

आता परीक्षणं. पाच-सहा पुरतात, पण सगळी एकाच गोटातली नकोत: दोन दैनिकांतली, दोन संगीत नियतकालिकांतली, एखाद-दुसरं गिटार किंवा ब्लूजला वाहिलेलं. पेन्सिल घेऊन फक्त आवाज, ठेका, गायकी यांवरची वाक्यं अधोरेखित करा. 'तिसऱ्या गाण्यात ड्रम मागे ढकललेत' हे तपासता येतं. 'आत्मा हरवलाय' हे येत नाही, ते सोडा. जोडीचं भांडण, घटस्फोट, रद्द झालेले दौरे यांनीच अर्धा मजकूर व्यापला असेल तर ते परीक्षण नव्हे, बातमी. प्रकाशनाच्या दिवशीची परीक्षणं आधी मिळालेल्या प्रतीवरून, बहुधा घाईत लिहिलेली असतात. महिन्याभराने आलेलं एखादं त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

गुण सगळ्यात शेवटी. मेटाक्रिटिक हे परीक्षणं एकत्र करणारं संकेतस्थळ निदान चार परीक्षणं झाल्यावर 100 पैकी भारित सरासरी (काही प्रकाशनांना जास्त वजन देऊन) काढतं. पाचपैकी चार तारे म्हणजे 80. ज्या परीक्षणात गुणच नसतात, त्याला मजकुरावरून तिथलेच लोक आकडा देतात. 61 ते 80 म्हणजे 'बहुतांशी अनुकूल', 81 पासून पुढे सार्वत्रिक वाहवा. पण एका अल्बमला 70, 70, 70, 70 आणि दुसऱ्याला 90, 90, 50, 50 मिळाले, तर दोन्हींची साधी सरासरी एकच, 70. पहिला अल्बम कुणालाच फारसा भिडलेला नाही. दुसऱ्यावर समीक्षकांत तट पडलेत. अशा वेळी 90 वालं आणि 50 वालं परीक्षण शेजारी ठेवा. बऱ्याचदा दोघांनी एकाच गाण्यावर बोट ठेवलेलं असतं. तुमच्या टिपणातली वेळ काढा आणि ते गाणं पुन्हा लावा.