जुना सीअर्सचा कॅटलॉग हाती लागलाय? विकत घ्यायच्या किंवा विकायच्या आधी एवढं बघा

आधी माझीच फजिती सांगतो. अमेरिकेत एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे) सीअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचा १९०८ चा कॅटलॉग दिसला, चांगला जाडजूड, विकणारी बाई म्हणाली आजीच्या अॅटिकमध्ये होता, आणि मी घासाघीस न करता पैसे काढून दिले. गाडीत बसून उघडला तर पुढच्याच पानामागे बारीक अक्षरात १९६९! रीप्रिंट, म्हणजे नंतर पुन्हा छापलेली नक्कल निघाला. बाई खोटं बोलत नव्हती बहुतेक, आजीनेच तो १९६९ नंतर हौसेने घेतला असणार.

तर पहिलं काम हेच. १८९७, १९०२, १९०८ या सालांचे सीअर्सचे कॅटलॉग आणि १८९५ चा माँटगोमेरी वॉर्डचा (तीही तसलीच टपालाने माल विकणारी कंपनी), यांची १९६८-६९ च्या सुमारास रीप्रिंट निघालीत आणि ती ढिगाने फिरतायत. पहिली दोन-चार पानं नीट वाचा, नवीन प्रस्तावना दिसली की समजून जा. मग कागद बघा, अस्सल कॅटलॉग स्वस्तातल्या लाकडी लगद्याच्या कागदावर छापलेला असतो, कडा तपकिरी, आत जरा फिकट, आणि मांडीवर ठेवून पानं उलटली की पँटवर कागदाचा भुगा पडतो. एक भिंग घ्या आणि एखाद्या घड्याळाचं किंवा शेगडीचं चित्र बघा, अस्सलमध्ये रेघा सुट्या दिसतात, रीप्रिंटमध्ये फोटो काढून छापल्यामुळे बारीक अक्षरं भरून काळी होतात.

दुसरं म्हणजे जुनं म्हणजे महाग हे डोक्यातून काढा. वॉर्डने १८७२ मध्ये शिकागोहून काढलेली १६३ वस्तूंची एका कागदाची यादी कुणाला मिळाली तर गोष्ट वेगळी, पण नंतरचे जाडे जनरल कॅटलॉग लाखोंनी छापले गेलेत. उलट १९६०-७० चे ख्रिसमस कॅटलॉग (सीअर्सने पहिला १९३३ ला काढला, विश बुक हे नाव अधिकृतपणे १९६८ ला दिलं) कितीतरी जुन्या अंकांपेक्षा पटकन जातात, कारण त्यातल्या खेळण्यांसाठी हट्ट केलेली पोरं आता खिशात पैसे घेऊन फिरतायत 😄 तसंच मॉडर्न होम्स या सीअर्सच्या घरांच्या कॅटलॉगचं. १९०८ ते १९४० सीअर्स अख्खं घर सुट्या भागांत रेल्वेने पाठवायचं, साधारण ७० हजार घरं विकली, आणि आज त्या घरांत राहणारे लोक आपलं मॉडेल कुठलं ते शोधायला हे कॅटलॉग घेतात. थडग्यांचे दगड, बंदुका, खरे नमुने असलेला वॉलपेपर असले बारके स्पेशल कॅटलॉगही सोडू नका.

पानं मोजाच, कंटाळा करू नका. नवा कॅटलॉग आला की जुना अंगणातल्या संडासात खिळ्याला टांगला जायचा आणि एकेक पान फाडून वापरलं जायचं, कशासाठी ते सांगायला नको, नाहीतर पोरं कपड्यांची पानं कापून बाहुल्या करायची. रंगीत पानं आणि इंडेक्स आधी तपासा. कोरा ऑर्डर फॉर्म आत असेल तर मजाच.

दुकानातल्या जुन्या सामानाचं, म्हणजे पत्र्याचे डबे, इनॅमलच्या पाट्या, दोऱ्याच्या रिळांची कपाटं वगैरे, साल काढायला लेबल वाचा. पत्त्यात झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) असेल तर १९६३ किंवा नंतरचं, शहरापुढे एक-दोन आकडी पोस्टल झोन (झिप कोडच्या आधीचा टपाल विभागाचा नंबर) असेल तर १९४३ च्या आधीचं शक्यतो नाहीच, बारकोड असेल तर १९७४ च्या आधीचं नाही. इनॅमलच्या पाटीवर बोट फिरवा, रंगांचे थर बोटाला लागतात, आणि स्क्रूच्या भोकापाशी टवका उडून खालचं लोखंड दिसतं. सगळीकडे सारखाच गंज दिसला तर मी हात लावत नाही. आणि कृपा करून डबे घासू नका, छपाई निघून जाते, लाकडी कपाटाला नवं पॉलिश मारलं तरी भाव पडतो.

किंमत बघायची तर ईबेवर सोल्ड आयटम्सचा, म्हणजे खरंच विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावून बघा, मागितलेली किंमत कुणी काहीही टाकतं.

ठेवताना चिकटपट्टी, रबर बँड, लॅमिनेशन काही नको, अॅसिड-फ्री बॉक्समध्ये आडवा ठेवा, आणि बेसमेंट नको, अॅटिकही नको. पेन्सिलीच्या खुणा खोडू नका. नंतर मला एक खरा कॅटलॉग मिळाला, त्यात एका शेगडीपुढे कुणीतरी बरोबरची खूण केलीय, मग ती खोडून खालच्या स्वस्त शेगडीपुढे केलीय. तो विकायचा नाहीये, विचारू नका.