मालवणच्या किनाऱ्यावर एकाच ठिकाणी चार वेळा जेवायचं, ते असं

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. नवी हळद यायला लागली की मान वर करायला सवड मिळत नाही, म्हणून आमची समुद्राची वारी जानेवारीतच असते. मी, बायको, मुलगी आणि माळकरी आई. गेली नऊ वर्षं मालवणला जातो आणि वाळूला लागून असलेल्या एकाच हॉटेलात जेवतो. यंदा धाकट्या मेहुण्यानं विचारलं, "दाजी, तीन दिवस तिथंच? दुसरी हॉटेलं कमी आहेत का?" त्याला जे समजावून सांगितलं तेच इथं लिहितो.

आधी दिवस ठरवा. सगळा घोळ रविवारी दुपारी होतो. पहिल्या वर्षी आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दीड वाजता एका हॉटेलात गेलो होतो. दीड तास उभे राहिलो. आत गेलो तर सुरमई संपलेली, म्हणून पापलेट सांगितलं आणि दर विचारायचा राहिला. बिल बघून घशाखाली घास उतरेना. कार्डावर माशापुढं दराऐवजी 'आकारानुसार' लिहिलेलं असेल, तर मासा ताटात यायच्या आधी बघायला मागा आणि तेव्हाच दर विचारा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. आम्ही यार्डात माल न बघता सौदा करत नाही, तसंच हे.

आता आम्ही रविवारी सकाळी सांगली सोडतो. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल असं करत दुपार कलता पोचतो, तेव्हा शनिवार-रविवारची गर्दी परतीला लागलेली असते. सोमवारी पुष्कळ घरांत मासे खात नाहीत, गुरुवारीही तेच. तुमचा वार नसेल तर ते दोन दिवस तुमचे. जून-जुलै मात्र टाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा ताटातली सुरमई बहुतेक बर्फातली असते.

पहिलं जेवण रविवारी रात्रीचं, आणि ते मुद्दाम साधं ठेवायचं. दिवसभर गर्दी होऊन गेलेली, चांगले मासे उचललेले, पोरं दमलेली. त्या वेळी पापलेट-सुरमईच्या मागं लागू नका. बांगड्याचं तिखलं, भाकरी आणि सोलकढी सांगा. आम्ही हळदीचा लॉट बघताना एक हळकुंड मोडून गाभा बघतो. गाभा भगव्या रंगाचा आणि घट्ट असला की पुढचं बोलणं. हॉटेलात बांगडा म्हणजे ते हळकुंड. स्वस्त मासा, पण शिळा झालेला लपवता येत नाही. ताज्या बांगड्याचं मांस काट्यावरून घट्ट वडीसारखं सुटतं. शिळा असला तर बोटाखाली पिठासारखा होतो आणि घशाशी खवखवतो. तिखल्यात ठेचलेली तिरफळं असतात. ती चावू नका, जिभेला मुंग्या येतात. ताटाच्या कडेला काढून ठेवायची, त्यांचा वास रश्श्यात उतरलेला असतो तेवढा पुरे. सोलकढी नारळाच्या ताज्या दुधाची असेल तर वाटीत तळाशी जरा साका दिसतो, ढवळली की गुलाबी होते. या दोन गोष्टी मनासारख्या झाल्या, तर उरलेली तीन जेवणं तिथंच. नाही झाल्या, तर थोडक्यात सुटलात, उठून दुसरीकडं जा.

हात धुतल्यावर लगेच निघायचं नाही. सगळ्यात महत्त्वाची दहा मिनिटं ती. गल्ल्यावर काका असतात, त्यांना सांगायचं की आम्ही बुधवारपर्यंत आहोत आणि इथंच जेवणार आहोत. मग उद्या-परवाचं बोलून ठेवायचं. आमच्या आईचं पहिल्या दोन वर्षी फार हाल झालं. शाकाहारी थाळी म्हणून तिला फ्लॉवरची भाजी आणि पापड मिळायचा. तिसऱ्या वर्षी मी आदल्या रात्री सहज विचारलं, तेव्हा आतून काकी म्हणाल्या, "मगे काळे वाटाणे भिजत घालूया." काळ्या वाटाण्यांना रात्रभर भिजावं लागतं. दुपारी जाऊन मागितले तर कुठून मिळणार? दुसऱ्या दिवशी आईसमोर काळ्या वाटाण्याचं सांबार आणि जाळीदार आंबोळ्या आल्या, त्याही वेगळ्या तव्यावरच्या. आई दोन आंबोळ्या खाणारी बाई, त्या दिवशी चार खाल्ल्या. तेव्हापासून आमचं दुसरं जेवण आईचं असतं आणि आम्ही तिच्या सोयीनं बसतो.

कुर्ल्यांचंही, म्हणजे खेकड्यांचंही, तसंच. त्या सांगून ठेवाव्या लागतात. काकांनीच एकदा सांगितलं, "कुर्ल्यो खातास ना? मगे आजच सांगान ठेवा." तिथली माणसं सांगतात की अमावास्येच्या आसपासच्या कुर्ल्या भरलेल्या असतात, पौर्णिमेच्या पोकळ निघतात. आम्ही तिथी बघून सांगतो.

तिथी आणखी एका गोष्टीसाठी बघायची, ती म्हणजे टेबल. तिथीला पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पुरी होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं धरा, पण जेवणाची वेळ ठरवायला एवढं पुरतं. जानेवारीत सूर्य साडेसहाच्या सुमारास बुडतो. अष्टमीच्या आसपास गेलात तर त्याच सुमारास भरती पुरी झालेली असते. पौर्णिमा-अमावास्येला उलटं, दुपारी बाराच्या सुमारास समुद्र भरलेला आणि संध्याकाळी लांबवर ओली वाळू. लहान मुलं असतील तर ती ओहोटीची संध्याकाळ घ्या. ताट येईपर्यंत पोरं शिंपले वेचत बसतात आणि तुमच्या नजरेसमोर असतात.

दुपारी मात्र पहिल्या रांगेत बसू नका. खारे वारे सुटलेले असतात, रस्सा पाच मिनिटांत गार होतो आणि भाकरीवर वाळू बसते. सुरूच्या झाडांमागची रांग मागा. संध्याकाळी पहिली रांग.

तिसरं जेवण मंगळवारी रात्रीचं, खरं जेवण ते. त्याच्या आधी संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघून या. मला तिथं आमच्या सौद्यांची आठवण येते. तोच गलका, तेच झटक्यात बोलणं, फक्त पोत्यांच्या जागी टोपल्या. डोळा फुगीर आणि काचेसारखा स्वच्छ, कल्ला उघडला की लालभडक, बोटानं दाबलं की खळगा लगेच भरून येतो, हे तिथं उभ्या उभ्या शिकता येतं. मग हॉटेलात जाऊन कार्ड न उघडता विचारायचं, "काका, आज काय गावलं?" आता ते तुम्हाला ओळखतात, खरं सांगतात. दोन वर्षांमागं त्यांनी सुरमई मागितल्यावर सरळ सांगितलं, कालची आहे, घेऊ नका, मुडदुशी ताजी आहे. रव्यात घोळवून तव्यावर तळलेली ती बोटभर मासळी माझ्या मुलीनं एकटीनं संपवली. कार्डावर तिचं नावही नव्हतं.

मी दरवर्षी काकींसाठी अर्धा किलो राजापुरी हळद नेतो. ती सोमवारीच देतो, निघताना नाही. माशाला आधी हळद, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून ठेवतात. मंगळवारच्या सुरमईला आमच्या यार्डातली हळद लागलेली असते, याचं मला फार समाधान आहे. तुमच्या घरचं जे असेल ते न्या, तासगावचे बेदाणे न्या. बक्षिसी द्यायची तर वाढणाऱ्या पोरांनाही दुसऱ्याच जेवणाला द्या. रोख पैसे जवळ ठेवा, तिथं मोबाईलची रेंज मध्येच जाते.

चौथं जेवण बुधवारी, बारा वाजता. तिसऱ्यांचं, म्हणजे खायच्या शिंपल्यांचं, सुकं आणि थोडा भात, तळलेलं काही नाही. पुढं घाट आहे आणि गाडी मी चालवतो. दोनपर्यंत निघालं की उजेडात फोंडा घाट चढून होतो. सोलकढी बाटलीत भरून मागू नका. आम्ही एकदा आणली, नारळाचं दूध राधानगरीपर्यंत आंबलं. त्यापेक्षा आगळाची बाटली घ्या. घरी नारळ वाटून दूध काढायचं, त्यात गुलाबी रंग येईपर्यंत आगळ, लसणाची एक पाकळी, मिरची, मीठ. आगळात मीठ असतंच, तेव्हा आधी चाखून बघा.