घरच्या खुराड्यात दुर्मिळ जातीची पैदास

दुर्मिळ जातीच्या कोंबड्या पाळायला घेणारे बहुतेक जण पहिल्याच वर्षी हौसेने पिल्ले काढतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी अडतात. तोवर अंड्यांतून पिल्ले कमी निघू लागलेली असतात, निघालेली अशक्त असतात आणि कोणता पक्षी कोणाच्या पोटचा हे कोणालाच सांगता येत नाही. पिल्ले काढणे हा या कामातला सोपा भाग आहे. जात तिच्या सगळ्या गुणांसह पुढच्या पिढीत नेणे अवघड आहे, आणि ते मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: तुमच्याकडे एकमेकांशी नाते नसलेले नर किती आहेत आणि तुमची नोंदवही किती नेटकी आहे.

जुन्या जातींच्या जपणुकीसाठी 1977 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने वारसा-कोंबडीच्या व्याख्येत घातलेल्या अटी घरगुती पाळणाऱ्यालाही दिशा देणाऱ्या आहेत. पक्ष्यांचे मीलन नैसर्गिक असावे, मादी पाच ते सात आणि नर तीन ते पाच वर्षे पैदाशीला उपयोगी राहावा, आणि वाढ सावकाश होऊन विक्रीयोग्य वजन सोळा आठवड्यांच्या आत येऊ नये. यातून एक गोष्ट लगेच लक्षात येते की अशी कोंबडी अंड्यांच्या संख्येत किंवा वजनात संकरित पक्ष्याशी बरोबरी करणार नाही, आणि तिने ती करावी असा प्रयत्नही करू नये. त्या हव्यासापायी बाहेरचे रक्त मिसळले की दिसायला जात तीच राहते, पण आतून ती बदललेली असते.

सुरुवात कशाने करावी, अंड्यांनी, पिल्लांनी की मोठ्या पक्ष्यांनी, याचे उत्तर तुम्हाला काय मिळते यावर अवलंबून आहे. मात्र काहीही घेतले तरी ते एकाच कळपातून घेऊ नये. शक्य असल्यास तीन वेगळ्या पाळणाऱ्यांकडून घ्यावे आणि त्यांचे मूळ पक्षी पुन्हा एकाच ठिकाणाहून आलेले नाहीत ना, हे विचारून घ्यावे. पुलोरम आणि मायकोप्लाझ्मा हे रोग मादीकडून अंड्यावाटे पिल्लात उतरतात, म्हणून मूळ कळपाची तपासणी झालेली असणे महत्त्वाचे आहे. नवे मोठे पक्षी किमान तीस दिवस वेगळ्या जागी ठेवावेत, त्यांचे दाणापाणी जुन्या कळपानंतर करावे आणि पादत्राणेही वेगळी ठेवावीत. राणीखेत म्हणजे मानमोडी, देवी आणि मॅरेक या रोगांच्या लसींचे वेळापत्रक पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. मॅरेकची लस पिल्लू एक दिवसाचे असतानाच द्यावी लागते.

आता नरांचा हिशोब. कळपात तेरा पक्षी आहेत, एक नर आणि बारा माद्या, असे धरू. पुढच्या पिढीतले प्रत्येक पिल्लू त्या एकाच नराचे असल्यामुळे पैदाशीच्या दृष्टीने हा कळप तेरांचा नसून जेमतेम चारांचा ठरतो. नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार चौपट करून त्याला दोन्हींच्या बेरजेने भागले की ही परिणामकारक संख्या मिळते; इथे ती 3.7 येते आणि सगोत्र प्रजननाचे, म्हणजे जवळच्या नात्यातल्या मीलनाचे, प्रमाण एका पिढीत साधारण 13.5 टक्क्यांनी वाढते. त्याच बारा माद्यांना तीन नर ठेवले तर परिणामकारक संख्या 9.6 होते आणि वाढ 5.2 टक्क्यांवर उतरते. म्हणजे दोन नरांचा जादा दाणा आणि त्यांचे आरवणे सोसले तर कळपाचे आयुष्य कितीतरी वाढते. मर्यादित जागेत मादी कमी करावी, नर कमी करू नये, असे माझे मत आहे, आणि ते बहुतेक नवशिक्यांच्या सवयीच्या नेमके उलट आहे. सख्ख्या भावंडांच्या एकाच मीलनातून सगोत्र प्रजननाचे प्रमाण 25 टक्क्यांवर जाते, सावत्र भावंडांच्या मीलनातून 12.5 टक्क्यांवर. त्याचा फटका पिसांच्या रंगावर दिसत नाही. तो आधी अंडी उबण्यावर, पिल्लांच्या जगण्यावर आणि अंड्यांच्या संख्येवर बसतो, म्हणून तो उशिरा लक्षात येतो.

यावर घरगुती पातळीवर चालणारी सर्वांत सोपी पद्धत म्हणजे तीन घराण्यांची फेरी. कळपाचे क, ख आणि ग असे तीन गट करावेत. प्रत्येक गटातल्या मुली जन्मभर आईच्याच गटात राहतात. मुलगे मात्र दर पिढीला पुढच्या गटात जातात: क मधले ख मध्ये, ख मधले ग मध्ये आणि ग मधले पुन्हा क मध्ये. हा क्रम एकदाही उलटा होऊ देऊ नये. या पद्धतीत सख्ख्या भावंडांचे मीलन होतच नाही आणि बाहेरून नवे पक्षी न आणताही कळप अनेक पिढ्या टिकतो. जड अंगाच्या जातीत एका नराला आठ ते दहा आणि हलक्या जातीत दहा ते बारा माद्या पुरतात; घरी प्रत्येक गटात चार-पाच माद्या असल्या तरी काम भागते. तीन कायमची खुराडी शक्य नसतील, तर माद्या वर्षभर एकत्र ठेवून केवळ पैदाशीच्या हंगामात त्यांचे गट पाडावेत.

गट पाडल्याच्या दुसऱ्या दिवशी अंडी गोळा करून उबवायला ठेवणे ही सर्रास होणारी चूक आहे. कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्राणू साठवण्याच्या सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत ते दोन ते तीन आठवडे जिवंत राहतात. त्यामुळे आधीच्या नरापासून मादी वेगळी केल्यावर किमान तीन, आणि खात्रीच हवी असेल तर चार आठवड्यांपर्यंतची अंडी उबवण्यासाठी घेऊ नयेत. मी स्वतः एकदा बाराव्या दिवशी घाई केली आणि त्या हंगामातल्या सगळ्या पिल्लांच्या नावापुढे बापाची जागा कोरी राहिली.

निवाऱ्याबद्दल थोडक्यात: आत प्रत्येक पक्ष्याला चार चौरस फूट, बाहेर आठ ते दहा चौरस फूट, बसायच्या दांडीवर वीत-सव्वा वीत जागा, वरच्या बाजूने खेळती हवा आणि खाली कोरडी गादी. गादी ओली राहिली की रक्ती हगवण आलीच म्हणून समजावे.

खाद्याकडे मात्र जास्त लक्ष हवे, कारण खाण्याची अंडी देणाऱ्या कोंबडीचे खाद्य पैदाशीच्या कोंबडीला पुरेलच असे नाही. अंडे कवचाने चांगले दिसत असले तरी आतल्या गर्भाला लागणारी जीवनसत्त्वे आईच्या खाण्यातूनच येतात; ब-2 कमी पडले तर गर्भ अंड्यातच मरतात किंवा पिल्लांच्या पायांची बोटे आत वळतात. म्हणून अंडी गोळा करण्याच्या सुमारे महिनाभर आधी पैदाशीचे खाद्य सुरू करावे. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, कारण अंड्यावरच्या मादीला लागणारे कॅल्शियम वाढत्या पिल्लांच्या आणि तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्यांच्या, मूत्रपिंडाला अपायकारक ठरते.

उबवण्यासाठी स्वच्छ, मध्यम आकाराची, न तडकलेली अंडी घ्यावीत, ती 13 ते 18 अंश सेल्सिअसला रुंद टोक वर करून ठेवावीत आणि सात दिवसांहून जास्त साठवू नयेत. पंखा असलेल्या यंत्रात तापमान 37.5 अंश, पहिले अठरा दिवस आर्द्रता 45 ते 55 टक्के आणि नंतर 65 ते 70 टक्के ठेवावी. अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवावीत, अठराव्या दिवशी फिरवणे थांबवावे आणि त्यानंतर यंत्र उघडू नये. सातव्या दिवशी प्रकाशासमोर धरून न फळलेली अंडी काढावीत. जातीत खुडूक बसण्याचा गुण टिकून असेल, तर दर वर्षी निदान एक-दोन माद्यांना अंड्यांवर बसू द्यावे. सगळी पिल्ले यंत्रातून काढत राहिले, तर न बसणाऱ्या माद्यांची संतती वाढते आणि हा गुण हळूहळू नाहीसा होतो. पिल्लांना पहिल्या आठवड्यात 35 अंश ऊब द्यावी आणि दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी उतरवावी. दिव्याखाली गर्दी दिसली तर ऊब कमी आहे, कडेला पांगलेली दिसली तर जास्त आहे.

निवडीसाठी पुरेशी पिल्ले हवीत. चाळीस पिल्लांत साधारण वीस नर निघतात आणि त्यांतले दोन-तीनच ठेवायचे असतात. सहा पिल्लांतून निवड होत नाही. आठव्या आठवड्यात वाकडी चोच, वाकडा कणा, अशक्तपणा अशा दोषांचे पक्षी बाजूला काढावेत. सोळाव्या आठवड्याच्या सुमारास पाठीची रुंदी, छातीच्या हाडाची लांबी आणि पायांची ठेवण हाताने चाचपून पाहावी, कारण पिसांचा फुलोरा डोळ्यांना फसवतो. रंग, तुऱ्याचे दाते आणि पिसांवरच्या रेघा शेवटी तपासाव्यात. हे सांगूनही माणूस रंगालाच भुलतो, म्हणून मी पहिली निवड अंधुक उजेडात, पक्षी हातात घेऊनच करतो.

जातीच्या अंगभूत आनुवंशिकतेची माहिती नसेल, तर चांगले पक्षी चुकून काढून टाकले जातात. जपानी बँटममध्ये आखूड पायांचे जनुक आई-बाप दोघांकडून आले तर गर्भ अंड्यातच मरतो, त्यामुळे आखूड पायांच्या जोडीची चतुर्थांश फलित अंडी वाया जाणे हा यंत्राचा दोष नसतो. निळ्या अँडालुजियनच्या निळ्या जोडीपासून सरासरी निम्मीच पिल्ले निळी होतात. उरलेली काळी आणि शिंतोड्यांची असतात व तीही शुद्धच असतात. वायनडॉटसारख्या चपट्या गुलाबतुऱ्याच्या जातीत या तुऱ्याचे जनुक आई-बाप दोन्हीकडून मिळालेल्या नराचे शुक्राणू कमी चपळ असतात. अशा जातीत अधूनमधून निघणारा साध्या तुऱ्याचा पक्षी मात्र दोषी म्हणून काढला जातो, आणि त्याबरोबर कळपाची फलनक्षमताही जाते.

हे सगळे नोंदीशिवाय व्यर्थ आहे. अंड्यावर पेन्सिलीने गट आणि तारीख लिहावी. पिल्लू निघताच पायांच्या बोटांमधल्या पडद्याला भोक पाडून खूण करावी. दोन्ही पायांच्या मिळून चार पडद्यांतून सोळा वेगवेगळ्या खुणा मिळतात. मोठेपणी पायात क्रमांकाची कडी चढवावी. वहीत प्रत्येक पक्ष्याचे आई-बाप, किती अंड्यांतून किती पिल्ले निघाली, आणि पक्षी काढून टाकला असेल तर कोणत्या कारणाने, एवढे असले तरी पुरते. शेवटचा रकाना लोक गाळतात, पण एकच दोष कोणत्या घराण्यात पुन्हा पुन्हा येतो हे त्याच रकान्यातून कळते.

एका रात्रीत मुंगूस किंवा रोग सगळे खुराडे रिकामे करू शकतो, म्हणून तीन वर्षांत निदान एकदा तरी प्रत्येक घराण्यातला एक नर आणि दोन माद्या दुसऱ्या विश्वासू पाळणाऱ्याकडे द्याव्यात, आणि पक्ष्यांसोबत वहीतल्या त्यांच्या पानांची प्रतही द्यावी.