बाटली उघडण्याआधी रक्त तपासा

मुंबईत गोवंडीत आरोग्यसेविका म्हणून गरोदर बायांकडे घरोघरी जाते तेव्हा दिसतं, की अमेरिकेतल्या नणंदेने पाठवलेल्या ओमेगा-३ आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज घेतल्या जातात आणि आपली लोहाची लाल गोळी फळीवर तशीच पडून राहते. ‘सावळ्या बायांना या लागतातच, यांनी बाळ वेळेआधी येत नाही,’ असं मला ऐकवतात. बायांनो, नणंदेला मानवलं म्हणून ते तुम्हालाही लागू पडेल असं नाही.

अमेरिकेत काळ्या स्त्रियांची बाळंतपणं ३७ आठवड्यांआधी होण्याचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या जवळपास दीडपट आहे. त्यामागे ताण, भेदभाव आणि उपचारांतली दरी आहे. सावळ्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व कमी बनतं, हेही खरं, आणि ते आपल्यालाही लागू आहे. पण गोळीचा उपयोग वंशापेक्षा शरीरात काय कमी आहे त्यावर जास्त ठरतो. ऑस्ट्रेलियात २०१९ च्या मोठ्या चाचणीत ओमेगा-३ ने (माशांच्या तेलातल्या स्निग्ध घटकाने) ३४ आठवड्यांआधीची बाळंतपणं एकूण कमी झाली नाहीत. नंतर आकडे तपासले तर ज्यांच्या रक्तात ते कमी होतं त्यांना फायदा दिसला, आणि भरपूर होतं त्यांचा धोका उलट वाढलेला दिसला.

म्हणून आधी दवाखान्यात नाव नोंदवा, बारा आठवड्यांच्या आत. हिमोग्लोबिन होईलच; बी-१२ आणि ड तपासायचं का, ते डॉक्टरांना विचारा. सिंधी, लोहाणा, भानुशाली घरांत थॅलेसेमियाचं (आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं) प्रमाण जास्त, तिथे तो ओळखणारी एचपीएलसी ही रक्ततपासणी हवीच. वाहक निघालात, म्हणजे आजार नसला तरी तो बाळाकडे जाऊ शकत असेल, तर नवऱ्याचीही करा, आणि लोह किती घ्यायचं ते फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह दाखवणारी तपासणी) पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पहिले तीन महिने फॉलिक ॲसिड. चौथ्यापासून लाल गोळी: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक, रोज एक, किमान १८० दिवस. लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत अजिबात नको. मळमळलं तर रात्री झोपताना घ्या. शौच काळी झाली तर घाबरू नका. कॅल्शियम दिवसातून दोनदा, जेवणासोबत, पण लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. या दोन गोळ्या एकदम गिळणाऱ्या कितीजणी भेटतात! कॅल्शियम लोह शोषू देत नाही, मग गोळी घेऊनही रक्त वाढत नाही.

मासे खात असाल तर बांगडा, तारली ताटात येऊ द्या. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी जरूर खा, पण त्यातून डीएचए, म्हणजे माशांत असतं ते ओमेगा-३, फार थोडं बनतं. शेवाळापासूनची डीएचएची कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच. कॉड लिव्हर ऑइल मात्र नको, त्यातलं जास्तीचं अ जीवनसत्त्व बाळाला घातक ठरू शकतं.

आणि गोळ्या नेमाने चालू असल्या तरी ३७ आठवड्यांआधी पोट थांबून थांबून कडक होत असेल, पाणी किंवा रक्त गेलं, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.