कार्बन डायऑक्साइडपासून सौर इंधन: प्रयोगशाळेत या चुका टाळा

सौर इंधन म्हणजे सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेने बनवलेले इंधन. अर्धवाहक पदार्थाची भुकटी पाण्यात मिसळून, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडून वर प्रकाश टाकला असता फॉर्मिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड आणि मिथेनॉल मिळते, हे जपानमधील इनोउए, फुजिशिमा, कोनिशी आणि होंडा यांनी १९७९ साली दाखवले. मात्र हे उत्पादन आजही बहुधा मायक्रोमोलमध्येच (मोलच्या दहा लाखाव्या भागात) मोजावे लागते आणि तेवढ्याला पुरेल इतका कार्बन भांड्यात आधीच असू शकतो. हे न तपासणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड या कार्बनयुक्त संयुगापासून सोल-जेल पद्धतीने (द्रावणाचे आधी जेल करून) बनवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीवर भट्टीत भाजल्यानंतरही सेंद्रिय अवशेष उरू शकतात. सांध्याला लावलेले ग्रीस, रबरी सेप्टम (सुईने वायू काढण्यासाठीचे बूच) आणि ॲसिटोनने विसळलेले काचेचे भांडे हेही कार्बनचे स्रोत आहेत. वास येईनासा झाला म्हणजे भांड्यातले ॲसिटोन गेले, असे समजू नये. प्रकाशात या साऱ्यांचे विघटन होऊन वायू वेगळे करून मोजणाऱ्या क्रोमॅटोग्राफ यंत्रावर मिथेनचे किंवा कार्बन मोनॉक्साइडचे शिखर (त्या वायूचा संकेत) उमटते आणि आपण ते यश समजून बसतो. तांबेयुक्त टायटॅनियम डायऑक्साइडवरील २०१० सालच्या एका अभ्यासात कार्बन-१३ (उत्पादनातला कार्बन कुठून आला हे ओळखू देणारा जड समस्थानिक) असलेला कार्बन डायऑक्साइड वापरूनही कार्बन मोनॉक्साइड मुख्यतः साध्या कार्बन-१२ चाच निघाला.

म्हणून तीच भुकटी, तोच दिवा आणि तेवढाच वेळ ठेवून, कार्बन डायऑक्साइडऐवजी आरगॉन भरून प्रयोग करावा. शिवाय एकदा अंधारात आणि एकदा भुकटीविना करावा. आरगॉनमध्येही शिखर दिसल्यास भुकटी दमट आरगॉनमध्ये प्रकाशाखाली ठेवून ते नाहीसे होईपर्यंत स्वच्छ करावी. एवढ्यानेही निश्चिंत होऊ नये, कारण उरलेला कार्बन प्रत्यक्ष कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया करूनही कार्बन मोनॉक्साइड देऊ शकतो. कार्बन-१३ ची चाचणी त्यासाठीच हवी. तीत मिथेनचा संकेत १७ या वस्तुमानावर येतो आणि पाण्याच्या वाफेचा एक तुकडाही तिथेच येतो, त्यामुळे वायू आधी क्रोमॅटोग्राफमधून वेगळे करूनच रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरकडे पाठवावेत.

ऑक्सिजन न मोजणे ही दुसरी चूक. इलेक्ट्रॉन पाण्याकडूनच येत असतील, तर कार्बन मोनॉक्साइडच्या दोन रेणूंमागे ऑक्सिजनचा एक आणि मिथेनच्या एका रेणूमागे दोन रेणू मिळायला हवेत. नायट्रोजनही सोबत वाढत असेल, तर तो ऑक्सिजन गळतीतून शिरलेल्या हवेचा असतो. ट्रायइथेनॉलअमाइन हे सहज इलेक्ट्रॉन देणारे सेंद्रिय संयुग घातले असेल, तर इलेक्ट्रॉन तेच पुरवते. यंत्रणा समजून घेण्यासाठी असा प्रयोग उपयोगी आहे, पण त्याला सौर इंधन म्हणणे योग्य नाही.

झेनॉन दिव्याने भांडे तापते, म्हणून तापमान नोंदवावे. ॲनाटेज हे टायटॅनियम डायऑक्साइडचे स्फटिकरूप ३८७ नॅनोमीटरपेक्षा लांब लहरींचा प्रकाश जवळजवळ शोषत नाही आणि सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा सुमारे ५ टक्केच असतो. त्यामुळे अतिनील दिव्याखाली मिळालेला आकडा उन्हाला लावू नये. भुकटी दुप्पट केल्याने उत्पादन दुप्पट होतेच असे नाही, म्हणून दर ग्रॅममागच्या आकड्यासोबत पडलेल्या फोटॉनांचा हिशेबही द्यावा.